फॅक्टरी रेकॉर्ड्स करार नव्हते म्हणून बुडाली का?

सुरावट

मँचेस्टरची रेकॉर्ड कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स नोव्हेंबर १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: टोनी विल्सनने कलाकारांशी धड करारच केले नव्हते, दुसरं काय होणार! मला हे उत्तर त्या माणसांवर अन्याय करणारं वाटतं, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्सन ग्रॅनडा टीव्हीवरचा निवेदक. १९७८ मध्ये त्याने ॲलन इरॅस्मसबरोबर लेबल काढलं. पुढे निर्माता मार्टिन हॅनेट, डिझायनर पीटर सॅव्हिल आणि जॉय डिव्हिजन या बँडचा मॅनेजर रॉब ग्रेटन हे भागीदार झाले. नियम साधे होते. खर्च वजा जाता नफा निम्मानिम्मा, आणि संगीताची मालकी कलाकाराची. कंपनीच्या मालकीचं काहीही नाही, अशा अर्थाच्या कागदावर विल्सनने स्वतःच्या रक्ताने सही केली होती ही आख्यायिका तर सगळीकडे सापडते. इंग्लंडचा सगळा रेकॉर्ड धंदा लंडनमध्ये एकवटलेला असताना जॉय डिव्हिजनचा १९७९ चा अल्बम ‘अननोन प्लेझर्स’ मँचेस्टरमधून निघाला, तो या माणसांच्या हिमतीवर.

आता बुडण्याकडे या. मे १९८२ मध्ये फॅक्टरी आणि न्यू ऑर्डर (जॉय डिव्हिजनच्या उरलेल्या सदस्यांचा बँड) यांनी मिळून हॅसिएन्डा नाइटक्लब उघडला. पहिली कित्येक वर्षं तो तोट्यात होता. १९८८ नंतर तुडुंब भरायला लागला, पण एक्स्टसीच्या गोळ्यांची नशा करून नाचणारी पोरं दारू घेत नाहीत, आणि क्लबची कमाई बारवर असते. मग टोळ्या आल्या, पोलीस आले. १९९० च्या सुमारास चार्ल्स स्ट्रीटवर नवं ऑफिस घेतलं आणि पाठोपाठ इंग्लंडमध्ये मंदी आली, जागांचे भाव कोसळले. त्यातच लेबलच्या हॅपी मंडेज या बँडला रेकॉर्डिंगसाठी बार्बाडोसला पाठवलं. तिथे पैसा आणि महिने दोन्ही गेले, नि हाती लागलेला अल्बम चालला नाही.

यातली कुठली गोष्ट पक्क्या कराराने टळली असती? लेबलला विटा-सिमेंटने बुडवलं. म्यूट रेकॉर्ड्स या दुसऱ्या स्वतंत्र लेबलचं उदाहरण समोर आहे. तेही १९७८ चंच. त्याचा मालक डॅनियल मिलर आणि डिपेश मोड हा बँड यांच्यात वर्षानुवर्षं फक्त शब्दावर व्यवहार होता, नफाही निम्मानिम्मा. म्यूट टिकली.

ताळेबंद

साफ असहमत. बुडण्याची कारणं तुम्ही बरोबर दिलीत, पण वाचता का आलं नाही हा प्रश्न सोडून दिलात.

१९९२ मध्ये लंडन रेकॉर्ड्स ही दुसरी रेकॉर्ड कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला तयार होती. बोलणी चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डरच्या गाण्यांचे हक्क फॅक्टरीकडे नाहीतच. मग विकत घ्यायचं काय? लेबलची खरी मालमत्ता म्हणजे त्याचा जुना संग्रह. तो गहाण ठेवता येतो, विकता येतो, पडत्या काळात त्याच्यावर तग धरता येतो. फॅक्टरीकडे होती भाव पडलेली इमारत आणि कर्ज.

म्यूटने नाइटक्लब बांधला नव्हता. शब्दावर धंदा करायचा तर हात आखडता ठेवावा लागतो. विल्सनने दोन्ही सोडलं, करारही आणि काटकसरही.

सुरावट

म्हणजे क्लब नसता तर शब्दावरचा धंदा चालला असता. हेच तर मी म्हणतोय.

ताळेबंद

नाही हो. क्लब असतानाही हक्क हातात असते तर कंपनी विकली गेली असती आणि छपाईवाले, रेकॉर्ड दाबणारे, लहान बँड यांची देणी फिटली असती. धनकोंचा विचार कुणीच करत नाही!

मध्यरात्र

तुम्ही दोघंही हॅसिएन्डाला नुसता खड्डा समजता आहात. मँचेस्टरमधल्या एका पिढीने शिकागो-डेट्रॉइटचं हाउस-टेक्नो नृत्यसंगीत त्या नाचाच्या जागेवर ऐकलं. तिथून जे निघालं त्याने हॅपी मंडेजचा आवाज घडवला, म्हणजे फॅक्टरीचा दुसरा बहर त्या ‘तोट्यातल्या’ क्लबमुळे आला. ताळेबंदात हे जमेच्या बाजूला कुठे दिसतं?

रीळ

हॅनेटचं नाव वर एकदा येऊन गेलं, त्याबद्दल लिहायलाच हवं.

‘अननोन प्लेझर्स’चा तो गार, दूरवरून येणारा ड्रमचा आवाज, प्रत्येक ठोक्याभोवतीची पोकळी, हे सगळं हॅनेटचं. बँडला स्वतःला तेव्हा तो आवाज आवडला नव्हता. त्यांना मंचावरचा दणका हवा होता. आज जगभर जे ऐकलं जातं ते हॅनेटच्या हट्टामुळे. हा माणूस लेबलचा भागीदार होता आणि त्याचं म्हणणं होतं की पैसा स्टुडिओच्या यंत्रसामग्रीत घाला. पैसा क्लबकडे वळला. १९८२ मध्ये त्याने फॅक्टरीवर दावा लावला, प्रकरण बाहेर मिटवलं गेलं, पण तो दुरावला तो दुरावलाच. १९९१ मध्ये त्रेचाळिसाव्याच्या आत गेला.

माझ्या मते लेबलची घसरण तिथे सुरू झाली. ध्वनिमुद्रण हा ज्या कंपनीचा धंदा, तिने ध्वनी घडवणारा माणूस गमावून बार बांधला.

सुरावट

रीळ, हॅनेटबद्दल मन:पूर्वक सहमत. पण १९८२ नंतरच न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ हे गाणं आलं, आणि त्याची निर्मिती त्यांनी स्वतः केली होती. त्याला घसरण कसं म्हणायचं?

ताळेबंद

‘ब्लू मंडे’चं नाव काढलंत ते बरं झालं. फ्लॉपी डिस्कसारखं दिसणारं, खिडक्या कापलेलं ते वेष्टन इतकं महाग पडलं की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागे तोटा झाला, असं तिथलीच मंडळी सांगत आली. नेमके किती पेन्स यावर त्यांच्यात मतभेद आहेत. पुढच्या छपाईत कापलेल्या खिडक्या गेल्या, म्हणजे खर्च जाचत होता हे उघड आहे.

आता न्यू ऑर्डरच्या बाजूने बघा. कागदावर गाणी त्यांची. पण त्या गाण्यांचा पैसा वर्षानुवर्षं क्लबमध्ये ओतला गेला, आणि बँडचा बासवादक पीटर हुकने नंतर याबद्दल मनापासून चीड व्यक्त केली आहे. मालकी कलाकाराची म्हणायचं आणि कमाई दुसरीकडे वळवायची, याला मी कलाकाराचं स्वातंत्र्य म्हणत नाही. मोठ्या कंपनीने हेच केलं असतं तर आपण तिला लुटारू म्हटलं असतं.

मध्यरात्र

न्यू ऑर्डर क्लबचे भागीदार होते आणि ग्रेटन त्यांचाच मॅनेजर होता. क्लबच्या कल्पनेमागे तोही होता. त्यांना कुणी फसवून आत ओढलं नव्हतं.

सुरावट

शिवाय शेवटी त्याच कागदाने त्यांना तारलं. लेबल बुडाल्यावर बँडचा संग्रह सहसा दिवाळखोरीच्या मालमत्तेत जातो आणि कुणीतरी परका तो उचलतो. न्यू ऑर्डर मात्र आपली गाणी घेऊन बाहेर पडले, स्वतः लंडन रेकॉर्ड्सशी बोलले आणि १९९३ मध्ये त्यांचा ‘रिपब्लिक’ अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. १९७८ मध्ये दिलेला शब्द चौदा वर्षांनी, कंपनी मरताना पाळला गेला. असं दुसरं लेबल मला दाखवा.

ताळेबंद

न्यू ऑर्डरच्या बाबतीत मान्य. पण ज्यांच्या गाण्यांसाठी कुणी लंडनहून धावत आलं नाही, त्या बँडना आणि ज्यांची बिलं थकली त्यांना हा शब्द काय देऊन गेला, एवढं सांगा.