मदत हवी आहे : कारखान्यांच्या जुन्या ऊसमळ्यांवर ट्रॅक्टर परवडत होता का, हे कसे मोजावे?

सर्व सभासदांस नमस्कार. नीरा नदीच्या कालव्यांच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात माळीनगर आणि श्रीपूर येथे, तसेच शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे, १९३० नंतर खासगी साखर कारखाने आणि त्यांचे विस्तीर्ण ऊसमळे उभे राहिले. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा येईपर्यंत या मळ्यांवर यांत्रिक नांगरट कितपत फायद्याची होती, याचा अभ्यास मी सोलापुरात राहून करीत आहे. हिशेबाच्या पद्धतीबाबत मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील कापणीयंत्राबाबत मांडलेली रीत सुटसुटीत आहे. यंत्राचा घसारा (झिजेमुळे दरवर्षी घटणारी किंमत) आणि व्याज मिळून होणाऱ्या वार्षिक खर्चाला एकरी वाचणाऱ्या मजुरीने भागले, की यंत्र परवडण्यासाठी किमान किती एकर पीक हवे ते कळते. मजुरी वाढल्यामुळे १८५० च्या दशकात ही मर्यादा सुमारे ४६ एकरांवरून सुमारे ३५ एकरांवर आली, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेतकरी यंत्र भागीत घेत किंवा भाड्याने लावत, हे त्यात धरलेले नाही, असा आक्षेप ॲलन ओल्मस्टेड यांनी १९७५ मध्ये घेतला. आपल्याकडील मळे शेकडो एकरांचे असल्याने तो आक्षेप येथे फारसा लागू होत नाही.

माझी अडचण बैलांची आहे. कापणीचा मजूर काम संपले की खर्चातून निघून जातो. बैलाला मात्र वर्षभर कडबा आणि पेंड लागते. ऊस व खत वाहण्यासाठी आणि सऱ्या फोडण्यासाठी बैल ठेवावेच लागत असतील, तर ट्रॅक्टर आल्याने नांगरटीचा बैलखर्च खरोखर किती वाचला? तो पूर्ण वाचला असे धरले, तर ट्रॅक्टरचा फायदा फुगवून दाखविल्यासारखे होईल, असे मला वाटते.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गळीत हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबला, की बैल वाहतुकीत अडकतात. काळी जमीन तोवर वाळून दगडासारखी होते आणि आडसाली (पावसाळ्यात लावून सुमारे दीड वर्षाने तोडायच्या उसाच्या) लागणीसाठी ती पावसापूर्वी खोल नांगरून तापू द्यावी लागते, नाहीतर हरळी आणि कुंदा ही तणे मरत नाहीत. अशा वेळी यंत्राचे मोल वाचलेल्या मजुरीत नसून वेळेवर झालेल्या कामात आणि पुढच्या पिकाच्या एकरी उताऱ्यात असते. हे मोल रुपयांत कसे मांडावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्या काळातील मळ्यांच्या खतावण्या (खातेवार हिशेबवह्या) किंवा कंपन्यांचे वार्षिक अहवाल ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी दोन गोष्टी कृपया सांगाव्यात : बैलांचा खर्च नांगरट आणि वाहतूक यांत विभागून लिहिला जात असे का, आणि ट्रॅक्टरचा घसारा शेतीखात्यात धरत की कारखान्याच्या खात्यात?