मदत हवी आहे: गॅमा ॲल्युमिनाच्या थराला तडे जाताहेत

वायू गाळायचा पडदा (मेम्ब्रेन) बनवतोय. आधार म्हणून अल्फा ॲल्युमिनाची (अल्फा, गॅमा ही ॲल्युमिनियम ऑक्साइडची रूपं) सच्छिद्र चकती आहे, छिद्रं साधारण १०० नॅनोमीटर. ०.५ मोलर बोहमाइट सोलमध्ये (पाण्यात तरंगणारे ॲल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण) पीव्हीए (कण बांधून ठेवणारं पॉलिमर) मिसळून डिप कोटिंग (बुडवून थर देणं), उघड्यावर वाळवण, मग ६०० अंश सेल्सिअसला ३ तास भाजणी. तापमान मिनिटाला ५ अंशांनी चढवतो. दोन थरांनंतरही हायड्रोजन-नायट्रोजनच्या पर्मिअन्सचं (दाबाच्या फरकामागे थरातून किती वायू जातो ते) गुणोत्तर २.९ येतं आणि दाब वाढवला की नायट्रोजनचा पर्मिअन्स वाढतो. वर सिलिकाचा थर द्यायचाय. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १:
दाबाबरोबर पर्मिअन्स वाढतोय म्हणजे वायू मोठ्या भोकांतून वाहतोय. निव्वळ नुडसेन प्रवाहात (छिद्रं इतकी बारीक की रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवरच जास्त आपटतात) पर्मिअन्सवर दाबाचा परिणाम होत नाही आणि गुणोत्तर रेणुभारांवरून √(२८/२), म्हणजे ३.७४ यायला हवं. पण थराला दोष देण्याआधी सील तपासा. चकतीच्या जागी त्याच मापाची भरीव धातूची चकती बसवा. तरी गळलं तर दोष ओ-रिंगचा (कडेच्या सीलच्या कड्याचा).

सील ठीक निघालं तर वाळवण. २ नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातलं पाणी आटताना केशिका दाब (पृष्ठताणामुळे छिद्राच्या भिंतींवर येणारी ओढ) सुमारे ७० मेगापास्कल होतो. ओला जेल तो कसा सोसणार? ४० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या बंद पेटीत रात्रभर ठेवा. भाजणीत चढ-उतार दोन्ही मिनिटाला १ अंशाने किंवा त्याहून सावकाश. सोलमध्ये ५ ते १० सेकंदच बुडवा. आधार पाणी शोषत राहतो, त्यामुळे वेळ चौपट केला की थर जवळपास दुप्पट जाड होतो, आणि जाड थर हमखास तडकतो.

प्रतिसाद २:
आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगा असतील तर वरचा सल्ला. सुटी गोल भोकं असतील तर धूळ किंवा आधाराचे निखळलेले कण. मग चकती घासून गुळगुळीत करा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवा, कोरडी करा, सोल गाळून घ्या. दुसरा थर पहिला भाजून झाल्यावरच. त्याचं कामच उरलेली भोकं बुजवणं.

गाळायचा वायू कोणता? त्यात वाफ असेल तर साधी सिलिका गरम वाफेत आकसून घट्ट होते आणि हायड्रोजनचा प्रवाह घसरतो.

धागाकर्ता:
भरीव चकतीवर गळती शून्य. सूक्ष्मदर्शकाखाली गाळासारख्याच भेगा. वायूत वाफ आहे, ५०० अंशांना.

प्रतिसाद २:
मग सिलिकाचं नंतर बघू. आधी एकच थर, ५ सेकंद, पेटीत वाळवून. त्याचे आकडे इथे टाका.