डाऊन सिंड्रोम फक्त आईच्या वयामुळे नाही

बऱ्याचदा असं म्हटलं जातं की डाऊन सिंड्रोम पस्तिशीनंतरच्या बाळंतपणातच होतो, तरुण जोडप्यांनी काळजी करू नये. वयाबरोबर धोका वाढतो हे खरंच, पण गोष्ट तिथे संपत नाही. साधारण ९५ टक्के मुलांत २१ नंबरचं अख्खं गुणसूत्र जास्तीचं असतं. ३-४ टक्क्यांत मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ नंबरला, चिकटलेलं असतं, आणि हे आईवडिलांपैकी एकाकडून आलेलं असू शकतं.

नाशिकला सिडकोत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला २४व्या वर्षी अशी मुलगी झाली. सासरी सगळे तिलाच बोल लावत होते, फार सोसलं तिने. मुलीच्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, ट्रान्सलोकेशन (गुणसूत्र असं दुसऱ्याला चिकटणं) दिसलं म्हणून दोघा नवराबायकोचंही रक्त त्याच तपासणीसाठी घेतलं. रिपोर्ट आला तर भावजींची गुणसूत्रं ४६ ऐवजी ४५! माणूस ठणठणीत, कारण जनुकं जवळजवळ सगळी जागच्या जागी, फक्त दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली. अशा जोडणीत वडील वाहक असतील तर पुढच्या बाळाला धोका १-२ टक्के, आई असेल तर १०-१५ टक्के. तेव्हा चेहऱ्यावरून निदान झालं तरी बाळाचा कॅरिओटाइप करून घ्याच. पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरला (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) भेटा, आणि दोघांनी मिळून जा.