शब्दचर्चा: ब्लॅकवॉटर, ड्वार्फ सिक्लिड आणि दुकानातला ‘राम’

शेवाळ
घरच्या फिश टँकबद्दल मराठीत एक टिपण लिहितोय आणि दोन शब्दांवर अडलोय. पाल्यापाचोळ्याने रंगलेल्या पाण्याला, म्हणजे ‘ब्लॅकवॉटर’ला काय म्हणावं? ‘काळं पाणी’ लिहिलं की वाचक थेट अंदमानला पोचतो. दुसरा शब्द ‘ड्वार्फ सिक्लिड’, म्हणजे सिक्लिड कुळातले छोटे मासे. ‘बुटका’ म्हटलं की मासा खुरटलाय असं वाटतं. शिवाय दुकानात मासे ओळखायचे कसे तेही कुणी सांगितलं तर बरं, कारण तिथली नावं म्हणजे वेगळंच प्रकरण आहे.

खाडीकाठ
सिक्लिडला परका समजू नका. आपल्याकडच्या खाड्यांतला कालुंदर सिक्लिडच आहे, आणि उजनीची चिलापीही त्याच कुळातली, फक्त ती मूळची आफ्रिकेची. म्हणून कुळाचं नाव ‘सिक्लिड’ ठेवावं, नवीन घडवू नये. ‘ड्वार्फ’साठी शेतीतला ‘ठेंगू’ चालेल. नारळाच्या उंच आणि ठेंगू जाती म्हणतोच की आपण, तिथे कुणाला खुरटेपणा आठवत नाही.

ओहोळ
‘ठेंगू’ला माझंही मत. पण टिपणात एक गोष्ट स्पष्ट लिहा: ही शास्त्रीय वर्गवारी नाही, हौशी लोकांनी पाडलेला गट आहे. साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहणारे सिक्लिड एवढाच त्याचा अर्थ. त्यात ॲमेझॉनचे मासे येतात तसे पश्चिम आफ्रिकेचेही. म्हणजे ‘ठेंगू’ आहे म्हणून ब्लॅकवॉटरला चालेल, असं मुळीच नाही.

तुरट
ब्लॅकवॉटरबद्दल. निसर्गअभ्यासक वॉलेसने १८५३च्या प्रवासवर्णनात ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या नद्यांचे पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या पाण्याच्या असे तीन प्रकार केले होते. काळ्यांतली सगळ्यात प्रसिद्ध रिओ नेग्रो. नावाचा अर्थच ‘काळी नदी’. ब्राझीलमधल्या मनाऊस शहराजवळ ती गढूळ सोलिमोइंश नदीला मिळते आणि दोन्ही पाणी कितीतरी किलोमीटर शेजारी शेजारी, न मिसळता वाहतं. पण ओंजळीत घेतलं तर ते काळं नसतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. वाळूच्या निकस जमिनीतून पाणी झिरपतं, क्षार जवळपास नसतात आणि कुजलेल्या पाल्यातली आम्लं तशीच विरघळून राहतात. रिओ नेग्रोचा पीएच चार-पाचच्या आसपास असतो.

म्हणून माझं म्हणणं, रंगावरून शब्द करूच नका. ‘ब्लॅकवॉटर’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावा: क्षार अगदी कमी, आम्ल जास्त, पाल्यापाचोळ्याने रंगलेलं पाणी. रंग या यादीत शेवटी.

शेवाळ
पण मी बदामाची वाळलेली पानं टाकली की पाणी तपकिरी होतंच. मग ते ब्लॅकवॉटर नाही?

तुरट
पाणी कुठलं त्यावर आहे. बोअरचं जड पाणी असेल, ज्यात डाळ शिजत नाही, तर त्यातला कार्बोनेट पानांतलं आम्ल पचवून टाकतो. रंग येतो, पीएच जागचा हलत नाही. मासा रंग बघून अंडी घालत नाही. धरणाचं मऊ पाणी किंवा आरओचं पाणी मिसळून आधी क्षार कमी करा, मग पानं. पानं मात्र रस्त्याकडेच्या देशी बदामाची चालतात, फवारणी नसलेल्या झाडाची आणि पूर्ण वाळून गळलेली घ्या. ऑनलाइन ‘कॅटप्पा’ म्हणून विकत घेण्याची गंमत मला कळलेली नाही.

ओहोळ
आता ओळख. दुकानात ‘राम’ मागाल तर मिळेल तो मायक्रोजिओफेगस रामिरेझी. ‘राम’ हा त्या रामिरेझीचाच तुकडा. पुढे ‘जर्मन’ लावतात, पण मासा व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला. त्याला २८ अंशांच्या आसपासचं ऊबदार पाणी हवं, पुण्याच्या थंडीत हीटरशिवाय टिकत नाही.

‘अपिस्टो’ म्हणजे अपिस्टोग्रामा. मत्स्यशास्त्रज्ञ रीगनने १९१३मध्ये हे नाव दिलं. ग्रीकमधून अर्थ निघतो ‘बेभरवशाची रेघ’, कारण माशाच्या कुशीवरून जाणारी संवेदनांची रेघ, म्हणजे पार्श्वरेषा, अधुरी असते. या प्रजातीत नव्वदहून जास्त जाती आहेत आणि दुकानदार सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. नराची शेपटी बघा. मधोमध एकच टोक असेल तर बहुधा अगासिझी. वर-खाली दोन टोकं, पाठीवरच्या पहिल्या काही काट्यांना उंच तुरा आणि जाड ओठ असतील तर काकाटुऑइडिस. नावातच काकाकुवा आहे. गोल शेपटी आणि उंच पाठपर असेल तर बोरेलीची शक्यता. तो पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला, थोडं गार पाणीही सोसतो.

‘डबल रेड’, ‘ट्रिपल रेड’ ही जातींची नावं नव्हेत. किती परांवर लाल रंग उतरवलाय त्याचा तो हिशेब, आणि ते मासे पैदास केंद्रातले. नळाच्या पाण्याशी त्यांचं बरं जुळतं. म्हणून नवख्याला मी काकाटुऑइडिसच सुचवतो.

खाडीकाठ
माद्या कशा ओळखायच्या?

ओहोळ
एकट्या मादीवरून जात सांगणं अवघड. पिल्लं सांभाळताना बहुतेक माद्या पिवळ्याधमक होतात आणि अंगावर काळ्या खुणा उठतात, तेव्हा त्या खुणांवरून थोडं कळतं. एरवी नर आणि मादी एकाच खेपेतली, एकाच टाकीतून घ्या. एका नराला दोन-तीन माद्या आणि प्रत्येकीला वेगळी कपार. नारळाची करवंटी चालते. आणखी एक, पिल्लांत नर किती नि माद्या किती हे पाण्याच्या तापमानावरही ठरतं, गरम पाण्यात नर जास्त निघतात.

शेवाळ
खऱ्या ब्लॅकवॉटरसाठीच घ्यायचा तर कुठला?

ओहोळ
डिक्रोसस फिलामेंटोसस. चौकटी-चौकटींचा, सडपातळ, रिओ नेग्रो आणि ओरिनोकोचा. दुकानात ‘चेकरबोर्ड’ म्हणतात. क्षार असलेल्या पाण्यात तो दिसायला ठीक राहतो, पण अंडी फुकट जातात. तुमच्या टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा आधी सांगा, मग मासा ठरवू.