मदत हवी आहे: नवरंग आणि कारवीची तुलना कोणत्या मुद्द्यांवर करावी?

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतल्या पावसाळ्यावर मुलांसाठी एक भित्तिपत्रक करतेय. त्यात नवरंग पक्षी आणि कारवी हे झुडूप शेजारी शेजारी मांडायचे आहेत. रंग आणि आकार यांवरची तुलना मला वरवरची वाटते. मला त्यांचं वेळापत्रक दाखवायचंय.

नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर आपल्याकडे विणीसाठी येतो. गवत-काटक्यांचं गोल घरटं, 4-5 अंडी, पिल्लं मोठी झाली की परत दक्षिणेकडे. हे दरवर्षी. कारवीचं गणित अगदी वेगळं. साधारण 7-8 वर्षं नुसती पानं, मग ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अख्खा डोंगरउतार एकदम जांभळा, आणि बी धरलं की झाड मरतं. म्हणजे आयुष्यात एकदाच फुलणं! कारवीच्याच कुळातली नीलकुरिंजी तर 12 वर्षं थांबते. केरळात मुन्नारला 2006 नंतर ती थेट 2018 मध्ये बहरली.

अडचण अशी की, 'एक पावसाळा' हे माप धरलं तर कारवी बहुतेक वर्षी रिकामीच दिसते. 'एक आयुष्य' धरलं तर नवरंगाच्या अनेक विणी एका रेषेत कशा दाखवायच्या? वर्तुळ आणि रेघ अशा दोन आकृत्या कराव्यात का? मला तोच मार्ग बरा वाटतोय, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना तो झेपेल का?

कुणी असं काही शिकवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. शिवाय, एकाच उताराच्या कारवीच्या दोन सलग बहरांची वर्षं कुणी नोंदवली असतील तर तीही हवी आहेत.