मदत हवी आहे: रोममधल्या मोंते तेस्ताच्चोबद्दल

कुणी रोमन अँफोरांवर वाचलंय का, म्हणजे ते मोठे मातीचे रांजण. रोममध्ये टायबर नदीजवळ मोंते तेस्ताच्चो नावाची जवळपास ३५ मीटर उंच टेकडी आहे, ती आख्खी फुटक्या रांजणांची आहे, आणि त्यातले बहुतेक स्पेनच्या बेटिका प्रांतातून ऑलिव्ह तेल घेऊन आलेले. एकात साधारण ७० लिटर तेल मावायचं. रिकामे झाले की फोडून तिथे रचायचे आणि खवट वास मारायला वर चुना टाकायचे, किती शिस्तीचं काम आहे बघा!

हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने १८७२ पासून तिथल्या रांजणांवरचे लेख अभ्यासले. शाईने लिहिलेलं समजतं, वजन, व्यापाऱ्याचं नाव, काहींवर तर कॉन्सलांच्या (रोमचे दरवर्षी नेमले जाणारे सर्वोच्च अधिकारी) नावावरून वर्षसुद्धा, त्यामुळे तारीख पक्की लागते. मी अडकलोय ते रांजणांच्या मुठीवर उमटवलेल्या शिक्क्यांपाशी. त्यांत बऱ्याचदा असतात ती तीन अक्षरं कुणाची मानायची, कुंभाराची, भट्टीच्या मालकाची की तेलाच्या मालकाची? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतंय. यावर सोप्या इंग्रजीतलं काही असेल तर प्लीज सुचवा, आणि टेकडीवर जायची परवानगी कुणी काढली असेल तर तेही सांगा, मला ते शिक्के प्रत्यक्ष बघायचेत.