बाकूला चाललोय, फ्लेम टॉवर सोडून तेलाचा जुना इतिहास कुठे दिसेल?

सिंहगडकर७४:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरात बायको आणि सासूबाईंना घेऊन बाकूला, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीला, जातोय, ग्रुप टूर आहे. टूरवाल्याच्या कागदावर फ्लेम टॉवर, कार्पेट म्युझियम, शॉपिंग आणि "फायर टेम्पल ४५ मिनिटं" एवढंच. घरी बसून वाचायला घेतलं तर जिकडेतिकडे तेच, नोबेल बंधू, रॉथ्सचाइल्ड आणि तेलवाल्या शेटांचे वाडे. १९०१ च्या सुमारास जगातलं निम्मं तेल या एका शहराच्या आसपास निघत होतं म्हणे, मग ते काढणारे लोक कोण होते, कुठून आले, पाणी कुठलं प्यायचे, यावर कोणी बोलतच नाही. दीड दिवस मोकळा आहे. आणि हो, ते फायर टेम्पल पारशांचं की आपलं? घरात दोन पार्ट्या पडल्यात.

कॅस्पियनकाठी:
आपलं, वाद मिटवा. म्हणजे तिथली अग्निपूजा जुनी असेलही, पण बाकूजवळच्या सुराखानीत आज त्या मंदिराचं जे दगडी आवार उभं आहे ना, ते १८ व्या शतकातलं, व्यापाराला गेलेल्या मुलतानी वगैरे हिंदुस्थानी लोकांच्या पैशातलं. कोठड्यांच्या दारांवर शिलालेख आहेत, बरेचसे देवनागरीत, दोन गुरुमुखी, एक फारसी. एकात सुरुवातीलाच गणपतीला नमन, मग ज्वालाजी, आणि साल विक्रम संवत १८०२, म्हणजे १७४५ च्या आसपास. जुनं वळण आहे पण अक्षरं लागतात, गाइडची वाट बघू नका. मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ साली तिथे जाऊन आले होते आणि त्यांनीच सांगितलं की ही अग्यारी नव्हे, तेव्हा दुसऱ्या पार्टीला हे ऐकवा.

पण मला विचाराल तर खरी गंमत भिंतीबाहेर आहे. १८५९ च्या सुमारास कोकोरेव नावाच्या रशियन व्यापाऱ्याने मंदिराला अगदी खेटून दिव्याच्या तेलाचा कारखाना टाकला आणि भट्ट्यांना गॅस वापरला तोच, जमिनीतून येणारा. म्हणजे आत साधू ज्या ज्वाळेपुढे हात जोडून बसलाय तिच्यावरच बाहेर कारखाना चालू. पुढच्या पंचवीसेक वर्षांत साधू संपले, आणि गॅसचा इतका उपसा झाला की १९६९ मध्ये मूळ ज्वाळाही विझली. आत्ता दिसते ती पाइपलाइनच्या गॅसवरची. तेल गेलं तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं, ही म्हण इतकी फिट बसलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

जुन्या शहरात मुलतानी कारवान्सराय पण आहे, मध्ययुगातली धर्मशाळाच समजा. तिथे जेवायला म्हणून जातात आणि नावाकडे कोणी बघत नाही.

नळावरचीभांडणं:
पाण्याचं विचारलंत म्हणून लिहिते, माझा जिव्हाळ्याचा विषय (नाव बघा). बाकूत तेल धो धो पण गोडं पाणी नाही, विहिरी खाऱ्या, समुद्र खारा, मग व्होल्गाचं पाणी जहाजातून आणायचं नाहीतर समुद्राचं पाणी उकळून वाफ गार करून प्यायचं. एवढा पैसा खेळत होता तरी शहराला धड नळ नव्हता! शेवटी विल्यम लिंडली नावाच्या इंग्रज इंजिनियरने, वॉर्साचं पाणी ज्याने केलं तोच, उत्तरेच्या डोंगरपायथ्याच्या शोल्लारच्या झऱ्यांपासून शंभराच्या वर मैल पाइप टाकला आणि पाणी आलं १९१७ ला, म्हणजे बूम ओसरल्यावर.

यामागे लागलेला माणूस म्हणजे हाजी जैनुलआबिदीन तागीयेव. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, गवंडीकाम करत वर आला, बाकूजवळच्या बीबी-हैबतला त्याला तेल लागलं. मुसलमान मुलींसाठी शाळा काढली १९०१ मध्ये, ती इमारत आहे अजून, आत हस्तलिखितांची संस्था आहे, तिथे जरूर जा. १९२० ला बोल्शेविक आले, सगळं जप्त, चारच वर्षांत गेला. त्याचा वाडा आता इतिहासाचं म्युझियम आहे, तो टूरवाला दाखवेलच पण शाळा नाही दाखवणार.

मझुतवाला:
दोघांचं बरोबर पण कामगार राहिले की. नोबेल यायच्या कितीतरी आधी लोक हाताने विहिरी खणून तेल काढत होते. बाकूजवळच्या बालाखानीत एका विहिरीचा दगड सापडलाय, १५९४ सालचा, ३५ मीटर खोल, त्यावर खणणाऱ्या उस्तादाचं नाव आहे, अल्लाहयार. तेल चामड्याच्या पखालीतून उंटावर जायचं. (रॉबर्ट नोबेल १८७३ ला आला तो बंदुकीच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचं लाकूड बघायला, तेलाबिलासाठी नाही!)

बूममध्ये सगळ्यात हलक्या दर्जाचं काम इराणातून आलेल्या मजुरांकडे, त्यांना हमशहरी म्हणायचे, आपल्याकडे गाववाले म्हणतो तसं. शिवाय दागिस्तानचे लेझगी, आर्मेनियन, रशियन. १९०४ च्या डिसेंबरात मोठा संप झाला आणि मालकांना लेखी करार करावा लागला, ९ तासांचा दिवस वगैरे, रशियन साम्राज्यातला असा पहिला. लोकांनी नाव काय ठेवलं तर 'मझुत संविधान', मझुत म्हणजे रिफायनरीत उरतो तो काळा गाळ. लगेच १९०५ ला आर्मेनियन आणि मुसलमान दंगलीत तेलविहिरी जळाल्या, त्या कराराची आठवण कोणाला राहिली नाही.

आणि आपला संबंध पण आहे बरं का, १८८३ ला काळ्या समुद्रावरच्या बाटूम बंदरापर्यंत रेल्वे झाली आणि बाकूचं रॉकेल बोटीने हिंदुस्थानात यायला लागलं. पणजीच्या कंदिलात कदाचित सुराखानी जळलं असेल.

सिंहगडकर७४:
बाप रे, दीड दिवस कमी पडणार. ब्लॅक सिटी, तो जुन्या रिफायनऱ्यांचा भाग, बघण्यासारखी आहे का?

मझुतवाला:
रिफायनऱ्या गेल्या, आता तिथे व्हाइट सिटी नावाने टॉवर उभे राहिलेत. त्यापेक्षा नोबेलच्या व्हिला पेट्रोलियाची बाग करा, त्या उजाड जमिनीत झाडं जगावी म्हणून माती बाहेरून आणली होती. बाकूतलं साबुंची स्टेशनही बघा. १९२६ ला सोव्हिएतमधली पहिली विजेची लोकल इथूनच सुराखानीला सुटली.

सिंहगडकर७४:
झालं, प्लॅन ठरला. सासूबाईंना शिलालेखाचं सांगितलं तर त्या म्हणाल्या सगळे वाचल्याशिवाय मी बसमध्ये चढणार नाही. टूरवाल्याचं काय ते तो बघेल.